घरच्यांपैकी कोणीतरी

बाबा अठरा वर्षं एका फर्निचर कंपनीचा ट्रक चालवत होते. डेपोत त्यांना सगळे ‘मुंगी’ म्हणायचे, कारण ते सावकाश चालवायचे. त्यांना त्याचा राग नव्हता. “मुंगी कुणाला धडकलेली बघितलीय कधी?” असं ते उलट विचारायचे. आणि खरंच, अठरा वर्षांत त्यांच्या ट्रकला एक ओरखडा उठला नव्हता. पण चालवणं हे त्या नोकरीतलं अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे कपाटं, पलंग, सोफे पाठीवर घेऊन लोकांचे जिने चढणं. सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांच्या कमरेनं हात टेकले. गाडी चालवा, पण वजन उचलू नका, असं हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं. डेपोला नुसता चालवणारा माणूस नको होता.

त्याच सुमारास शाळेच्या बसवर जागा निघाली. शाळा आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. तिथला म्हातारा ड्रायव्हर निवृत्त होणार होता. मुख्याध्यापिकाबाईंनी बाबांना आपणहून बोलावून घेतलं, कारण शाळेतली निम्मी बाकं बाबांनीच आणून टाकली होती आणि एकाचाही पाय मोडलेला नव्हता. अडचण एवढीच, की बाबांचा परवाना मालवाहतुकीचा होता. माणसांची ने-आण करायची तर वेगळा परवाना हवा. म्हणजे नवा अर्ज, डॉक्टरांचा दाखला, आणि मग परवाना कार्यालयात गाडी चालवून दाखवायची.

“सोफा निदान मागून कागदाची विमानं मारत नाही,” बाबा म्हणाले. पण ते खुशीत होते. अर्ज आणला त्या दिवशी त्यांनी दोनदा दाढी केली, एकदा सकाळी आणि एकदा कार्यालयात जायच्या आधी.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. औषधाच्या दुकानात बिलं करायचे. बाबांना वाचता यायचं, लिहिताही यायचं, पण लिहायला बसले की त्यांना घाम फुटायचा. अक्षरं मोठी यायची, रेघेबाहेर जायची, रकान्यात मावायची नाहीत. त्यामुळे घरातले सगळे कागद माझ्याकडे. बाबा मला ‘कारकून’च म्हणायचे. “कारकून, या इकडे, सरकारी काम आहे,” अशी हाक आली आणि मी पेन घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. आई ओट्यापाशी भाजी चिरत होती. ती इस्पितळाच्या धुलाई विभागात कामाला होती आणि त्या दिवशी तिची सुट्टी होती.

नाव, वय, पत्ता, जुन्या परवान्याचा क्रमांक. दुसऱ्या पानावर तब्येतीचे प्रश्न होते. चष्मा आहे का, ऐकू कमी येतं का, साखर आहे का. बाबा खुर्चीला रेलून उत्तरं देत होते. मी अकराव्या प्रश्नाशी आले आणि थांबले.

“वाच की,” बाबा म्हणाले.

मी वाचलं. अर्जदाराला कधी फिट, आकडी, झटके किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास झाला आहे काय?

ओट्यावरचा सुरीचा आवाज बंद झाला.

तसं दोनदा झालं होतं. पहिल्यांदा, पाच महिन्यांपूर्वी, बाबा सकाळी दाढी करताना पडले. आवाज ऐकून मी आणि आई धावलो तेव्हा ते जमिनीवर होते, हातपाय ताठ होऊन उडत होते, डोळे उघडे पण त्यांत बाबा नव्हते. दोनेक मिनिटांनी थांबलं. दुसऱ्यांदा पहाटे, झोपेत. उशीवर रक्त होतं, कारण त्यांच्या दातांखाली जीभ आली होती. दोन्ही वेळा शुद्धीवर आल्यावर त्यांना काही आठवत नव्हतं. “चक्कर आली असेल. पोट रिकामं होतं,” ते म्हणाले. आई म्हणाली, “एकदा दाखवून घ्या.” ते म्हणाले, “बघू.” आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे ‘नाही’ हे भिंतींनाही माहीत होतं. औषधाच्या दुकानात काम करत असल्यामुळे ती चक्कर नव्हती हे मला कळत होतं. मी एकदा म्हटलंही. बाबा म्हणाले, “आता तू डॉक्टर झालीस?” तेव्हापासून तो विषय निघाला नव्हता.

“नाही लिही,” बाबा म्हणाले.

मी आईकडे बघितलं. तिची आमच्याकडे पाठ होती. ती तशीच उभी राहिली आणि मग पुन्हा भाजी चिरायला लागली. मी ‘नाही’ लिहिलं.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना बाजाराच्या टोकाला होता. साठीच्या होत्या, बोलणं थोडं, हात थंड. मी बरोबर यायचा हट्ट धरला आणि बाबांनी मला नेलं. भिंतीवरच्या तक्त्यातली सगळ्यात खालची ओळ त्यांनी घडाघडा वाचली. रंगीत ठिपक्यांतले आकडे ओळखले. हातोडीनं गुडघा उडाला. डॉक्टरीणबाई खोलीच्या कोपऱ्यात जाऊन पुटपुटल्या, तेही त्यांना ऐकू गेलं.

“कधी शुद्ध हरपली होती?” बाईंनी कागदावरून मान वर न करता विचारलं.

“रोज हरपते. झोपलो की.”

बाई हसल्या. बाबा हसले. मीही हसले, हे मला अजून टोचतं.

लघवीची तपासणी उद्या येईल, मग दाखला घेऊन जा, असं सांगून त्यांनी आम्हाला सोडलं. बाहेर पडताना बाबांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. “बघितलंस? घोड्यासारखा आहे तुझा बाप.”

त्याच दुपारी त्यांनी मला शाळेत नेलं. सुट्टीचे दिवस होते, मैदान मोकळं. म्हाताऱ्या ड्रायव्हरनं किल्ली बाबांच्या हातात दिली आणि म्हणाला, “एक फेरी मारून या. क्लच जरा रुसका आहे, त्याच्याशी गोडीनं वागा.” बाबांनी आधी बसभोवती चक्कर मारली, टायर दाबून बघितले, आरसे पुसले. आतल्या सीटा लहान होत्या, छोट्या मुलांच्या मापाच्या. मी पहिल्या रांगेत गुडघे पोटाशी घेऊन बसले.

बाबा फार सुंदर चालवायचे. ट्रकमध्ये मी लहानपणी बसले होते, पण बस चालवताना त्यांना पहिल्यांदाच बघत होते. खड्डा आला की बस झोपलेल्या मुलाला उचलावं तशी वर व्हायची आणि खाली यायची. “इथे मुलं चढणार,” ते सांगत होते. “इथे थांबलं की आधी आरसा बघायचा, मग दार उघडायचं. हात बाहेर काढणारं एक कार्टं असतंच, त्याला माझ्या मागे बसवायचं.” त्यांनी सगळं मनात आखून ठेवलं होतं.

मोठ्या चौकात सिग्नल लाल होता. आम्ही थांबलो. हिरवा झाला आणि बस हलली नाही.

मला वाटलं, क्लच रुसला. मी बघितलं तर बाबा समोर बघत होते. त्यांचे ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलत होते आणि उजवा अंगठा स्टिअरिंगवर फिरत होता, पुन्हा पुन्हा, एकाच जागी. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

“बाबा.”

त्यांनी ऐकलं नाही. मी उठून त्यांच्या खांद्याला हात लावला. “बाबा. बाबा, हिरवा झालाय.”

किती वेळ गेला सांगता येणार नाही. अर्धा मिनिट असेल. मग त्यांनी पापण्या मिटल्या, उघडल्या, माझ्याकडे बघितलं. “काय गं? बस खाली, पडशील.” आणि बस सुरू केली. मागे एवढे हॉर्न का वाजताहेत याचं त्यांना नवल वाटलं. “लोकांना धीर म्हणून नाही,” ते म्हणाले आणि पुढची चाळीस मिनिटं त्याच सुंदर हातानं बस चालवत राहिले. मी मागे वळून त्या लहान सीटा मोजत होते. बत्तीस होत्या.

घरी आल्यावर मी आईला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दाखला आणायला बाबांनी मला एकटीला पाठवलं. “कारकुनाचं काम आहे,” म्हणाले. डॉक्टरीणबाईंसमोर दाखला तयार होता, सही झालेली, शिक्का मारलेला. त्यांनी तो माझ्या हातात दिला. मी तो घेतला आणि खुर्चीवरून उठले नाही.

“आणखी काही?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “त्यांना फिट येते.”

बाईंनी चष्मा काढला. “हे बघ,” त्या हळू म्हणाल्या, “तू हे बोललीस आणि मी ऐकलं, तर मला लिहावं लागेल. नाही लिहिलं असं चालणार नाही. तुझं नाव मी घालणार नाही. पण लिहीन. तेव्हा आधी विचार कर आणि मग बोल.”

मी विचार केला नाही. केला असता तर दाखला घेऊन घरी गेले असते. मी सगळं सांगितलं: दाढीचं, उशीचं, चौकातलं. बाईंनी माझ्या हातातून दाखला परत घेतला, आडवा फाडला आणि नवीन कागद ओढला. त्यांनी मला पाणी दिलं, तेही प्यायल्याचं मला आठवतं. बाकी त्या दिवसातलं काही धड आठवत नाही.

पुढचं भराभर झालं. बाबांना मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे डोक्याला वायरी चिकटवून मेंदूचा आलेख काढला आणि जे होतं ते आलेखात उतरलं. प्रवासी परवाना नाकारला. एवढंच नाही, तर हातात होता तो मालाचा परवानाही काढून घेतला. गोळ्या सुरू झाल्या. पाच वर्षं एकही फिट आली नाही तर पुन्हा अर्ज करता येईल, असं पत्रात होतं.

बाबांनी डॉक्टरीणबाईंना दोष दिला. “माझी जीभ बघितली तिनं,” ते म्हणायचे. “जिभेवरचा वळ दिसला आणि तिनं तर्क लावला. तर्कावर माणसाचं पोट मारतात का?” त्यांनी अपील करायचं ठरवलं. आणि अपील कोण लिहिणार? मीच. संध्याकाळी ते खोलीत येरझारा घालत सांगायचे आणि मी लिहायचे. अठरा वर्षांत एक ओरखडा नाही. कमरेपायी जुनी नोकरी गेली. घरी बायको आणि मुलगी. मी तीन खर्डे केले. अक्षर चांगलं काढलं. शब्द खोडून त्यापेक्षा चांगले शब्द घातले. माझ्याच करणीविरुद्ध मी इतकी तळमळून लिहीत होते, की एकदा बाबाच म्हणाले, “अगं, रडू नकोस. होईल काहीतरी.”

अपिलाचा निकाल विचारायला बाबा एकटेच गेले, मी दुकानात होते. घरी परत आले तेव्हा मी नुकतीच पोचले होते आणि ताटं मांडत होते. ते दारातच उभे राहिले. चपलाही काढल्या नाहीत.

“खिडकीतल्या माणसानं संगणकावर वाचून दाखवलं,” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “डॉक्टरनं लिहिलंय. घरच्यांपैकी कोणीतरी माहिती दिली.”

मग त्यांनी आईकडे बघितलं. माझ्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. मी त्यांची कारकून होते, ‘नाही’ माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, अपील माझ्याच हातचं होतं. माझा संशय त्यांच्या मनाच्या आसपासही फिरकला नाही.

“तू गेली होतीस?” त्यांनी विचारलं.

माझ्या हातात ताट होतं. मी तोंड उघडलं. आईनं माझ्याकडे एकदा बघितलं, अगदी क्षणभर, आणि तिला सगळं कळलं. कसं ते मला माहीत नाही. ती बाबांकडे वळून म्हणाली, “हो.”

“मला विचारावंसं वाटलं नाही?”

“विचारलं असतं तर तुम्ही ‘बघू’ म्हणाला असता.”

बाबा आत गेले आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले. जेवले नाहीत. आई भांडी घासायला लागली, मी तिच्या शेजारी उभी राहिले आणि म्हटलं, “मी सांगते त्यांना. आत्ता सांगते.”

“गप्प बस.”

“आई, मी गेले होते.”

“कळलंय मला.” ती नळ मोठा करून बोलत होती, आत ऐकू जाऊ नये म्हणून. “मी जायला हवं होतं. दोन्ही वेळा मीच त्यांना कुशीवर वळवलं. अर्ज भरताना मी इथे उभी होते. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही आणि पोरीला जावं लागलं. मग निदान नाव तरी माझं असू दे.”

“पण ते तुझ्यावर...”

“माझ्यावर रागावून ते जगतील. नवरा-बायकोत असतंच. तुझ्यावर रागावले तर ते मोडतील. जा, त्यांचं ताट झाकून ठेव.”

मला वाटलं, महिन्या-दोन महिन्यांचा प्रश्न आहे. राग माणसाला किती दिवस पुरणार? पण बाबांना तो पुरला. ते भांडले नाहीत, ओरडले नाहीत, नुसते आईशी बोलायचे थांबले. आधी ते दिवसातून शंभर वेळा ‘अगं’ म्हणायचे. ‘अगं, टॉवेल’, ‘अगं, ऐकलंस का’, ‘अगं, हे बघ काय छापलंय’. तो शब्दच आमच्या घरातून उठून गेला. काही अडलं तर मला सांगायचे, “आईला सांग, उद्या मी लवकर जाणार.” आई तीन हातांवर बसलेली असायची. ती मला म्हणायची, “त्यांना सांग, डबा भरून ठेवते.” घरात माणसं तीन आणि मी दोन देशांमधला टपालवाला. सुरुवातीला याचं हसू यायचं. आई तर एकदा निरोप देताना म्हणाली, “आणि टपालखर्च त्यांच्याकडून घे.” बाबांच्या ओठाचा कोपरा हलला होता, मी बघितला. पण ते उठून बाहेर गेले.

डेपोनं त्यांच्यावर उपकार केले. फाटकावर बसून आत-बाहेर जाणाऱ्या ट्रकची नोंद ठेवायचं काम दिलं. ज्यांच्या बरोबरीनं ते अठरा वर्षं चालवत होते, त्यांच्या गाड्यांचे क्रमांक आता ते वहीत उतरवायचे, त्या मोठ्या, रेघेबाहेर जाणाऱ्या अक्षरांत. त्यांचा जुना ट्रक एका तरुण ड्रायव्हरला मिळाला होता. त्यानं पहिल्याच महिन्यात फाटकाला घासून डावी बाजू चेपवली. बाबांनी ते घरी सांगितलं नाही, मला डेपोतल्या मेकॅनिककाकांकडून कळलं. “मुंगी त्या दिवशी जेवला नाही बघ,” काका म्हणाले.

गोळ्या आई द्यायची. सकाळ-संध्याकाळ बशीत काढून टेबलावर ठेवायची, शेजारी पाण्याचा पेला. बाबा त्या घ्यायचे, बशी तिथेच सोडून जायचे. गोळ्यांनी फिट पुष्कळ कमी झाली, पूर्ण थांबली नाही. तिसऱ्या वर्षी भर दुपारी डेपोच्या फाटकावर आली. ते खुर्चीवरून खाली कोसळले, तेव्हा समोरून ट्रक आत येत होता. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला म्हणून वाचले. डेपोनं धुलाईत फोन केला. आई अंगावरचा रबरी एप्रन न काढता पळत गेली. मी दुकानातून पोचले तेव्हा बाबांचं डोकं तिच्या मांडीवर होतं, ती त्यांचं तोंड पदरानं पुसत होती आणि हलक्या आवाजात बोलत होती. काय ते मला ऐकू आलं नाही. त्यांना शुद्ध आली, त्यांनी वर बघितलं, तिला ओळखलं. मग हळूच डोकं बाजूला घेतलं आणि मेकॅनिककाकांच्या हाताला धरून उठले.

एक गोष्ट त्या दिवसानंतर घडली. पत्रातली पाच वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची होती. मी परवान्याची फाईल काढून तारखा लिहायला बसले तर बाबा म्हणाले, “ठेव ती. त्या दिवशी मी फाटकाऐवजी बसवर असतो तर काय झालं असतं?” ते एवढंच बोलले. मला वाटलं, आता ते आईकडे वळून बघतील. आई दारात उभी होती. पण ते खिडकीतून बाहेर बघत बसले. कदाचित इतक्या दिवसांनी पहिला शब्द कोणता काढायचा हेच त्यांना उमगत नसेल. मीही त्या क्षणी बोलू शकले असते. आईनं दारातूनच मान हलवून नको म्हटलं आणि मी गप्प बसले. खरं सांगायचं तर, मला गप्प बसायचंच होतं. आईची मनाई ही माझी सोय झाली होती.

चौथ्या वर्षी आई गेली. आजारी नव्हती. धुलाईत चादरी इस्त्री करायचं मोठं यंत्र असतं, दोघींनी दोन टोकं धरून चादर आत सोडायची. सकाळी साडेदहाला तिनं तिचं टोक सोडलं आणि खाली बसली. समोरची बाई म्हणाली, “काय गं, दमलीस?” आईनं उत्तर दिलं नाही. इस्पितळाच्याच आवारात होती, दोन मिनिटांत डॉक्टर आले, पण हृदय थांबलं होतं.

बाबा रडले नाहीत. सगळं उरकलं, येणारे-जाणारे थांबले. टेबलावर बशी ठेवायला मी सुरुवात केली. पंधराव्या दिवशी सकाळी ते कामावर निघाले होते, पलंगाच्या कडेला बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं.

“डॉक्टरांकडे आई गेली नव्हती. मी गेले होते.”

त्यांचे हात नाडीवर थांबले. मी चौकातलं सांगितलं, हॉर्न, अंगठा, बत्तीस सीटा. दाखला माझ्या हातात होता तेही सांगितलं. त्यांनी मधे एकदाच विचारलं, “कुठला चौक? शाळेजवळचा?” मी हो म्हटलं. त्यांना तो आठवत नव्हता, आठवणं शक्यच नव्हतं.

“मग ती ‘हो’ का म्हणाली?”

आई नळापाशी जे बोलली ते सगळं मी सांगितलं, जसंच्या तसं. मला वाटलं, आता ते मला काहीतरी बोलतील. मी तयार होते. चार वर्षं तयारीच करत होते. पण ते माझ्यावर रागावलेच नाहीत.

“मला वाटायचं,” ते म्हणाले, “एक दिवस ती म्हणेल, चुकलं माझं. एवढंच. मग मी बोलायला लागणार होतो. मी वाट बघत होतो.” त्यांनी अडलेली गाठ मारली. “ती कशी म्हणणार होती? तिनं केलंच नव्हतं.”

“तुम्ही मला बोला काहीतरी, बाबा.”

“तुला काय बोलू? तू बरोबर केलंस.” त्यांनी दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. “हे मी तिला सांगायला हवं होतं.”

ते उठले आणि कामावर गेले. मी त्यांना थांबवलं नाही.

त्याच आठवड्यात त्यांनी नवीन गोष्ट सुरू केली. कामावरून परतताना ते वाट वाकडी करून इस्पितळाच्या धुलाईत जायला लागले. पहिल्या दिवशी दारात नुसते उभे राहिले. आईबरोबर चादरीचं दुसरं टोक धरणाऱ्या बाईंनी त्यांना ओळखलं, स्टूल दिलं. बाबांनी विचारलं, “ती इथे काय बोलायची?”

त्या बाई बोलक्या होत्या. मग बाकीच्याही बोलायला लागल्या. आई डब्यातलं लोणचं कुणाला द्यायची नाही. साहेबाची नक्कल करायची. यंत्र बंद पडलं की त्याला लाथ कुठे मारायची ते तिलाच माहीत होतं. बाबा आठवड्यातून दोनदा, तीनदा जातात. बायका काम करता करता सांगतात, ते स्टुलावर बसून ऐकतात, आणि घरी येऊन मला सांगतात, जशी काही ती माझी आई नव्हतीच, कुणीतरी नवीनच बाई होती जिची त्यांना आत्ता ओळख होतेय.

परवा आले, टेबलाशी बसले, गोळी घेतली. म्हणाले, “दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजायचे. संध्याकाळी चपला चढायच्या नाहीत, म्हणून ती वाटेतल्या पुलापर्यंत अनवाणी यायची आणि तिथे चपला घालायची. तुला माहीत होतं?”

“हो,” मी म्हटलं.

“मला नव्हतं,” ते म्हणाले. मग त्यांनी पेल्यातलं उरलेलं पाणी संपवलं आणि विचारलं, जेवायला काय आहे.